'द डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट' पाहिला, आणि एका अशिलाला काय उत्तर द्यावं ते कळेना

गोदाकाठची वकील (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला वकिली करते, फौजदारी बाजूला. सीबीएस बसस्थानकासमोरचं जिल्हा न्यायालय, तिथेच एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली आहे. प्रश्न सिनेमाबद्दल आहे, पण तो का पडला हे सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही. ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबा.

सिनेमा १९९७ चा, दिग्दर्शक टेलर हॅकफर्ड. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल गावचा केव्हिन लोमॅक्स (किआनू रीव्ह्ज) हा तरुण वकील, आजवर एकही केस न हरलेला. विद्यार्थिनीच्या विनयभंगाचा आरोप असलेल्या शिक्षकाचा बचाव करत असतो. मुलगी साक्ष देत असताना त्याची नजर अशिलाच्या हाताकडे जाते आणि त्याला कळतं की हा माणूस दोषी आहे. सुट्टीत तो स्वच्छतागृहात जातो, तोंडावर पाणी मारतो, परत येतो आणि त्या मुलीची उलटतपासणी अशी घेतो की ती कोलमडते. आरोपी सुटतो. मग न्यूयॉर्कच्या बड्या फर्मचं बोलावणं, आलिशान घर, भरपूर पैसा आणि जॉन मिल्टन नावाचा बॉस (अल पचिनो), जो सैतानच असतो. केव्हिनची बायको मेरी अ‍ॅन (शार्लीझ थेरॉन) त्या घरात हळूहळू खचत जाते आणि हा तिहेरी खुनाच्या खटल्यात बुडालेला.

मला छळणारा प्रसंग यानंतरचा आहे. मिल्टन स्वतः केव्हिनला सांगतो की खटला सोड, बायकोकडे बघ, तुला कोणी नावं ठेवणार नाही. आणि केव्हिन नाही म्हणतो. त्याला भीती वाटते की केस सोडली आणि ती बरी झाली, तर पुढे आपण तिचाच राग राग करू. आधी जिंकतो, मग सगळा वेळ तिला देतो. सैतान दार उघडून बाजूला उभा राहतो, आणि हा माणूस आपणहून आतच थांबतो. अंगावर काटा आणणारी दृश्यं या सिनेमात कमी नाहीत, पण दोन माणसं साधं बोलतायत हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

आता माझं. (तालुका, रक्कम, बाकी खुणा बदलल्या आहेत, जे लिहिते आहे ते खुल्या न्यायालयात झालेलं आहे.) चेक न वटल्याची केस, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. फिर्यादी द्राक्ष बागाईतदार, आरोपी व्यापारी. सरांनी व्यापाऱ्याचं वकीलपत्र घेतलं होतं आणि फाईल माझ्याकडे दिली. चेक परत आल्याचा बँकेचा कागद (रिटर्न मेमो) आणि पैशांच्या मागणीची नोटीस यांच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या. मेमो मिळाल्यापासून नोटीस पाठवायची ३० दिवसांची मुदत उलटून गेली होती. उलटतपासणीत त्या शेतकऱ्याला मी चार-पाचच प्रश्न विचारले, सगळे तारखांचे. तो सरळ माणूस, सरळ उत्तरं दिली. हातात कापडी पिशवी, त्यात सौदा पावत्यांचा गठ्ठा रबर लावून. तो गठ्ठा काढून दाखवायला लागला तेव्हा न्यायाधीशांनीच त्याला थांबवलं, कारण प्रश्न पावत्यांचा नव्हताच. आरोपी निर्दोष सुटला.

मला आनंद झाला, हे खरं सांगते. मुद्दा माझा होता, निकालपत्रात माझा युक्तिवाद जवळजवळ जसाच्या तसा आला होता. दुसऱ्या दिवशी व्यापारी पेढे घेऊन आला. म्हणाला, मॅडम, माझ्या सगळ्या तालुक्यांतल्या केसेस आता तुम्हीच बघायच्या. गंगापूर रोडला त्याची इमारत आहे, पहिल्या मजल्यावर केबिन तयार आहे, भाडं नको. वर्षाला ठरावीक रक्कम, आणि निकाल आपल्या बाजूने लागला की त्याचं वेगळं. सरांना त्याने आधीच विचारलं होतं, सर म्हणाले तिचं तिने ठरवावं.

माझ्या वयाच्या वकिलाला नाशिकमध्ये गंगापूर रोडला स्वतःची केबिन म्हणजे काय, ते इथल्या वकिलांना सांगायला नको. आज मी सरांच्या टेबलाच्या कडेला बसते आणि माझे पक्षकार बाहेरच्या बाकावर.

तर प्रश्न हा. या सिनेमाच्या हिशेबाने मोह नक्की कुठे सुरू होतो? दोषी अशिलाचं वकीलपत्र घेण्यात, त्या मुलीला कोलमडवण्यात, जिंकायची चटक लागण्यात, की त्या घराच्या किल्ल्या हातात घेण्यात? वकील आणि वकील नसलेले, दोघांचंही ऐकायचं आहे. "एवढं कशाला मनाला लावून घेतेस" हे सोडून काहीही सांगा.

---

सीडी लायब्ररीवाला

ताई, हा माझ्या आवडत्या सिनेमांपैकी एक. कॉलेज रोडला सीडी भाड्याने मिळायच्या त्या काळात पहिल्यांदा पाहिला, नंतर कितीदा पाहिला ते आठवत नाही.

माझं उत्तर: मोह न्यूयॉर्कच्या आधीच सुरू होतो. लोक म्हणतात, गावचा चांगला पोरगा मोठ्या शहरात जाऊन बिघडला. पण पडद्यावर तसं घडत नाही. मुलीची उलटतपासणी गेन्सव्हिलमध्येच झाली. तेव्हा ना ते घर होतं, ना ती फर्म. न्यूयॉर्कने फक्त भाव लावला, माल आधीच तयार होता. म्हणून मिल्टन त्याला फसवत नाही. तो त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो, त्याची पाठ थोपटतो, आणि गर्व हेच आपलं लाडकं पाप आहे असं उघड म्हणतो. पैसा, बाई, सत्ता या गोष्टी तो मांडतो खऱ्या, पण केव्हिन हलतो तो "तू हरत नाहीस" या कौतुकाने.

दिग्दर्शकाने हे दृश्यांतून कसं मांडलंय ते परत बघा. मिल्टनच्या ऑफिसच्या गच्चीवर पाणी थेट कडेपर्यंत वाहत जातं आणि कठडाच नाही. दोघं त्या कडेवर उभे राहून बोलतात. शेवटाकडे केव्हिन रस्त्यावर येतो तेव्हा एरवी मुंगीला जागा नसलेला न्यूयॉर्कचा रस्ता अख्खा रिकामा. तिथे कुठलाही भूतखेताचा खेळ नाही, तरी घाम फुटतो. मिल्टन हे नावही उगाच नाही, 'पॅराडाइज लॉस्ट' लिहिणाऱ्या सतराव्या शतकातल्या कवीचं ते आडनाव. त्या महाकाव्यातही सैतानाच्या तोंडी भाषणं सगळ्यात जोरकस आहेत.

एक गोष्ट इथल्या वकिलांना आवडेल. मिल्टनच्या घरातलं भिंतीवरचं मोठं शिल्प शेवटी जिवंत होतं, ते वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलवरच्या फ्रेडरिक हार्ट यांच्या शिल्पासारखं दिसतं म्हणून निर्मात्यांवर दावा झाला होता. तडजोड झाली आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये तो भाग बदलावा लागला. सैतानाच्या वकिलांवरचा सिनेमाही कोर्टाची पायरी चढूनच आला.

केबिनचं मला कळत नाही. पण तुम्ही लिहिलंय की आनंद निकालपत्रात स्वतःचा युक्तिवाद वाचून झाला, पैशाचा उल्लेख त्यात नाही. केव्हिनचंही तेच होतं.

---

इंदिरानगरहून

मी वकील नाही, वकिलाची बायको आहे. तुम्ही सगळे केव्हिनबद्दल बोलताय. मी हा सिनेमा मेरी अ‍ॅनसाठी बघते.

त्या सिनेमात खरं दिसतं ते फक्त तिला. नवऱ्याच्या सहकाऱ्यांच्या बायकांचे चेहरे बदलताना तिला दिसतात. त्या मोठ्या घरातल्या भिंतींना कुठला रंग द्यायचा हेसुद्धा तिला ठरवता येईनासं होतं. ती सांगत राहते, आणि केव्हिनकडे ऐकायला वेळ नसतो, कारण उद्या तारीख आहे. आमच्याकडेही वर्षानुवर्षं उद्या तारीख असायची. यांनी कोणाचं वाईट केलं नाही, पण घरात काय चाललंय हे त्यांना कधी एका आठवड्यानंतर कळायचं, कधी त्याहून उशिरा.

गोदाकाठची, तुमच्या घरी कोण आहे मला माहीत नाही. पण पेढ्यांचा बॉक्स घरी नेलात तेव्हा घरच्यांपैकी कोणी काही बोललं का? ते आधी आठवा. जवळच्या माणसाला बऱ्याचदा आपल्याआधी दिसतं.

---

निफाडचा बागाईतदार

ताई, तुमच्यावर राग नाही. वकिलाने वकिलाचं काम केलं. पण त्या पिशवीतल्या पावत्या मला दिसल्या, म्हणून लिहितो.

सिनेमा मी पाहिलेला नाही. द्राक्षाचा व्यवहार सांगतो. ऑक्टोबरला फळछाटणी, मग थंडी, दव, औषधांच्या फवारण्या. जानेवारीपासून माल तयार. शिवार खरेदीला व्यापारी बागेत येतो, घडातला मणी तोडून तोंडात टाकतो, गोडी बघतो, किलोचा भाव जागेवर ठरतो. थोडा इसार रोख. मग त्याची माणसं येतात, माल काढतात, कॅरेट भरतात, वजन होतं, गाडी रात्री निघते. राहिलेल्या रकमेचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. द्राक्ष थांबत नाही, दोन दिवस उशीर झाला की मणी गळतो, तडकतो. कांदा चाळीत ठेवता येतो, हे पीक ठेवता येत नाही. त्यामुळे पैसे नंतर देतो म्हणणाऱ्यालाही माल द्यावाच लागतो.

आता नोटीस उशिरा का जाते ते ऐका. चेक परत आला की शेतकरी आधी वकिलाकडे जात नाही, व्यापाऱ्याला फोन करतो. तो म्हणतो, दादा चूक झाली, खात्यात पैसे टाकतो, आठ दिवसांनी परत लावा. परत लावला, परत आला. मग म्हणतो, आता चेक लावूच नका, मी रोख घेऊन येतो, हंगाम संपू द्या. गोड बोलतो, घरच्यांची चौकशी करतो, पोराचं शिक्षण विचारतो. यात महिना जातो. त्यानंतर फोन लागत नाही.

माझ्या ओळखीत असे बरेच आहेत. काही जणांना पोलिसांमुळे पैसे मिळाले, काही वर्षांपूर्वी नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा व्यापाऱ्यांच्या मागे लागून वसुली करून दिली होती. बाकीच्यांनी नाद सोडला.

माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या त्या शेतकऱ्याचा महिना गेला तो त्याच्या अडाणीपणाने गेला, की कोणी घालवला? आणि घालवला असेल तर ज्याने घालवला त्याला ३० दिवसांचं गणित कोणी शिकवलं?

---

गोदाकाठची वकील

बागाईतदार दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. अशिलाने मला काय सांगितलं, कुठले कागद दाखवले, हे मी इथे किंवा कुठेही लिहू शकत नाही, तो अशील राहिला नाही तरी नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. एवढंच सांगते की प्रश्न योग्य जागी लागला.

इंदिरानगरच्या काकू, हो. आई बोलली होती. पेढा हातात घेऊन तिने विचारलं, "हरला तो कुठला गं?" मी गावाचं नाव सांगितलं. तिचं माहेर त्याच भागातलं. ती पुढे काही बोलली नाही, मीही नाही.

सीडी लायब्ररीवाले, तुम्ही म्हणता ते पटतं. पण मग जिंकल्याचा आनंदच वाईट का? आनंद वाटला नाही तर कोणी रात्री जागून फाईल वाचणार नाही.

---

जुनी सनद

मुली, मी आता कोर्टात जात नाही, पण अशोक स्तंभाकडून मेहेरपर्यंत फिरायला निघालो की पाय अजून सीबीएसकडेच वळतात. हा सिनेमा माझ्या नातवाने दाखवला. मला तो वकिलीबद्दलचा सिनेमा म्हणून काही ठिकाणी फार खरा आणि एका ठिकाणी साफ चुकीचा वाटला. ते सविस्तर सांगतो, कारण तुझं उत्तर त्यातच आहे.

आधी वकीलपत्राचं. दोषी वाटणाऱ्या माणसाचा बचाव करणं यात मोह नाही आणि पाप तर मुळीच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत, व्यावसायिक वर्तनाच्या प्रकरणात, नियम १५ स्वच्छ सांगतो की आरोपीच्या अपराधाबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे. अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात बेकायदा ठरवले. तेव्हा व्यापाऱ्याचा बचाव केलास यात काही कमी नाही. नोटिशीची मुदत हा कायद्याचा मुद्दा आहे. तक्रार दाखल करायला उशीर झाला तर न्यायालय माफ करू शकतं, नोटिशीच्या उशिराला माफी नाही. तो मुद्दा तू मांडला नसतास तर तूच अशिलाशी बेइमानी केली असतीस.

आता सिनेमा कुठे चुकतो. शेवटी गोष्ट पुन्हा त्याच स्वच्छतागृहात येते, केव्हिनला दुसरी संधी मिळते आणि तो काय करतो? भर खटल्यात उभा राहून सांगतो की मी या अशिलाचा बचाव करू शकत नाही. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात. मी टाकला नाही. आरोपी पिंजऱ्यात, साक्ष अर्धी, आणि त्याचाच वकील सगळ्यांदेखत त्याला सोडून जातो, तेही असं की ऐकणाऱ्याला कारण कळावं. आपल्याकडे नियम १२ म्हणतो की पुरेसं कारण असल्याशिवाय आणि अशिलाला वाजवी सूचना दिल्याशिवाय स्वीकारलेलं काम सोडू नये. केव्हिनपुढे दोनच रस्ते होते असं सिनेमा दाखवतो, मुलीला फाडून काढा किंवा अशिलाला टाकून द्या. तिसरा रस्ता रोज आपल्या कोर्टात चालला जातो. गुन्हा शाबित करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. तपासातली ढिलाई दाखवा, जबाबातली विसंगती दाखवा, पण जे खोटं आहे असं आपल्याला पटलंय ते खरं म्हणून न्यायालयापुढे उभं करू नका, आणि लेकराची बदनामी करू नका.

आणि त्या मुलीची तशी उलटतपासणी आज आपल्याकडे होऊच शकत नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे बचाव पक्षाच्या वकिलाने प्रश्न विशेष न्यायालयाला द्यायचे, मुलाला विचारायचे ते न्यायालयाने. आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यहनन यांना तिथे मनाई आहे. कलम ३६ प्रमाणे साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या समोर येणार नाही ही काळजी घ्यावी लागते. सिनेमात केव्हिनचा सगळा अभिनय ज्युरीसाठी, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांसाठी आहे. आपल्याकडे नानावटी खटल्यातला ज्युरीचा निर्णय उच्च न्यायालयाने फिरवला आणि पुढे ती पद्धतच गेली. आपल्याकडे ऐकणारा एकच असतो आणि त्याने अशी नाटकं पुष्कळ पाहिलेली असतात.

आता सिनेमा जिथे फार खरा आहे ते. केव्हिन केस सोडून बाहेर येतो आणि एक वार्ताहर त्याला गाठतो. तू मोठा माणूस होशील, तुझी मुलाखत छापतो. केव्हिन आधी नको म्हणतो, मग हो म्हणतो. तो वळला की वार्ताहराचा चेहरा बदलून मिल्टनचा होतो. चांगलं वागल्याच्या कौतुकातही तो सापडला. आता नियम ३६ काढून वाच. वकिलाने जाहिरात करू नये, आणि त्यात वर्तमानपत्रांत मजकूर पेरणं आणि आपण चालवलेल्या केसच्या संदर्भात फोटो छापून आणणं हेही येतं. ज्यांनी तो नियम लिहिला त्यांना ही शेवटची पायरी ठाऊक होती. खून, पैसा, बंगला हे सगळं चुकवून वकील इथे घसरतो.

आनंदाचं विचारलंस. आनंद होऊ दे. तो मुद्दा सापडल्याचा असू दे.

राहिली केबिन. बागाईतदारांनी जो प्रश्न विचारला तोच खरा आहे, आणि त्याचं उत्तर तू इथे दिलं नाहीस हे योग्यच केलंस. झालेल्या गोष्टीचा बचाव करणं हा आपला धंदा आहे. व्हायच्या गोष्टीची आखणी करून देणं हा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम १३२ ने वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं झाकून ठेवलंय, पण बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी झालेल्या बोलण्याला ते पांघरूण मिळत नाही. जुन्या कायद्यातही कलम १२६ मध्ये हेच होतं. माल घेतानाच पैसे बुडवायचा इरादा असेल तर ती निव्वळ चेकची केस राहत नाही, फसवणूक होते. अशिलाच्याच इमारतीत, त्याच्याच खर्चाने, वर्षाच्या ठरावावर बसलेल्या वकिलाला तो चेक लिहिण्याआधी जिना चढून विचारायला येईल. "मॅडम, किती दिवस लांबवलं म्हणजे चालतं?" तो प्रश्न तुझ्या टेबलावर येणार की नाही, हे जागेवरून ठरतं. आणि "निकाल लागला की वेगळं" हे तर सरळ नियम २० च्या विरुद्ध आहे. निकालावर अवलंबून फी घेता येत नाही. हे त्याला माहीत नसेल, तुला असायला हवं.

---

सीडी लायब्ररीवाला

सर, तिसऱ्या रस्त्याबद्दल एक शंका. वकिलाला आतून खात्री आहे की अशील दोषी आहे, आणि तो हात राखून प्रश्न विचारतो. मग त्या अशिलाला पूर्ण बचाव कुठे मिळाला? केव्हिनने निदान उघडपणे हात वर केले. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

---

जुनी सनद

हात राखून म्हणालो नाही. विसंगती असेल तर ती पूर्ण ताकदीने मांडायची, आणि त्यावर आरोपी सुटला तर सुटू द्यायचा. केव्हिनला अशिलाच्या हाताची हालचाल दिसली, कबुली मिळाली नव्हती. वकिलाने मनातल्या मनात न्यायाधीश व्हायचं ठरवलं तर ज्यांचे चेहरे आपल्याला आवडत नाहीत अशा निर्दोष माणसांचं काय होईल? पूर्ण खात्रीने दोषी ठरवलेले लोक निर्दोष निघालेले मी पाहिलेत. म्हणून सोडायचंच असेल तर वेळेवर, सूचना देऊन, कारणाचा गवगवा न करता सोडावं, म्हणजे त्याला दुसरा वकील मिळेल.

तुमचं माझं यावर जमणार नाही बहुतेक. सिनेमा म्हणून तुमचा शेवट चांगला आहे.

---

निफाडचा बागाईतदार

वकीलसाहेब, नोटीस चुकली म्हणजे पैसे गेलेच का? गावात सगळे तसंच समजतात.

---

जुनी सनद

गेले नाहीत. १३८ ची वाट बंद झाली, देणं बुडालं नाही. वसुलीचा दिवाणी दावा साधारणपणे ३ वर्षांच्या मुदतीत करता येतो, सौदा पावत्या आणि वजनाच्या पावत्या त्याच दाव्यात कामाला येतात. फसवणुकीचं दिसत असेल तर पोलिसांत तक्रार वेगळी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे मोफत मदत कोणाला मिळते ते विचारा. आणि गावात हे सांगा: चेकची मुदत ३ महिने, तेवढ्यात तो पुन्हा लावता येतो, पण रिटर्न मेमो हातात पडला की ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. फोनवर कोणी कितीही गोड बोलला तरी.

---

गोदाकाठची वकील

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या शेतकऱ्याला मी काही सांगू शकत नाही, मी समोरच्याची वकील होते. म्हणून 'जुनी सनद' यांनी वर हे लिहिलं याचं मला फार बरं वाटलं. कोणाच्या तरी वाचनात येईल.

काल व्यापाऱ्याला भेटले. केबिन नको म्हटलं, वर्षाचा ठरावही नको. केस येईल तशी, वकीलपत्र वेगळं, फी आधी ठरलेली, निकालाशी तिचा संबंध नाही. आणि माल घेण्याआधी, चेक देण्याआधी माझ्याकडे यायचं नाही. तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "मॅडम, तुम्ही अजून लहान आहात, गंगापूर रोडला जागा परत मिळत नाही." हे तो अगदी काळजीच्या सुरात म्हणाला. सिनेमा पाहिला नसता तर ती काळजी मला खरी वाटली असती.

त्याच्या दोन जुन्या केसेसची कागदपत्रं माझ्याकडे आहेत. ती घेणार की परत करणार ते पूर्ण वाचून ठरवीन. देणं स्पष्ट दिसत असेल तर पुढच्या लोकअदालतीत तडजोड करा आणि पैसे भरा, असा सल्ला देईन. ऐकला नाही तर फाईल वेळेत परत, म्हणजे त्याला दुसरा वकील शोधता येईल.